एकफलकी संगणकाच्या पेटीचे शीतनीकरण : रचना, बदल व मोजमाप

सारांश :
एकाच फलकावर प्रोसेसर, स्मृती व जोडण्या सामावणाऱ्या लहान संगणकांचा वापर महाविद्यालयीन प्रयोगशाळांत वाढला आहे. हे संगणक बंद पेटीत ठेवले असता तापतात व स्वसंरक्षणार्थ आपली गती कमी करतात. या घटनेची सूचना वापरणाऱ्याला सहजी मिळत नाही. परिणामी प्रयोगाचे निष्कर्ष सदोष ठरू शकतात. प्रस्तुत लेखात रास्पबेरी पाय या संगणकाच्या आधारे उष्णतेचे उगम व वहन, पेटीत करावयाचे बदल आणि त्या बदलांच्या मोजमापाची पद्धत स्पष्ट केली आहे.

बीजशब्द : एकफलकी संगणक, रास्पबेरी पाय, उष्णतावहन, हीटसिंक, थ्रॉटलिंग.

प्रास्ताविक :
इंग्लंडमधील केंब्रिज येथे विकसित झालेला रास्पबेरी पाय हा संगणक फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला. शालेय विद्यार्थ्यांना संगणक-आज्ञावली लिहिण्याची गोडी लागावी, हा त्यामागील मूळ हेतू होता. प्रारंभीच्या संगणकाची क्षमता मर्यादित असल्याने त्याच्या उष्णतेचा प्रश्न फारसा जाणवत नसे. जून २०१९ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत मात्र १.५ गिगाहर्ट्झ गतीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर बसविण्यात आला आणि २०२३ च्या पाचव्या आवृत्तीत ही गती २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचली. फलकाचा आकार जवळपास तोच, म्हणजे सुमारे ८५ × ५६ मिलिमीटर, राहिला. जागा तेवढीच आणि काम अनेक पटींनी अधिक, अशी ही स्थिती आहे.

चौथ्या आवृत्तीची अधिकृत प्लास्टिक पेटी हवेच्या स्वतंत्र झरोक्यांविना आली होती. उत्पादकांनी २०२० च्या अखेरीस तिच्यासाठी लहान पंखा व हीटसिंक उपलब्ध करून दिले, तर पाचव्या आवृत्तीच्या पेटीत पंखा आरंभापासूनच अंतर्भूत केला. पेटी ही केवळ संरक्षक आवरण नसून ती शीतन-व्यवस्थेचा भाग आहे, ही गोष्ट या क्रमातून अधोरेखित होते.

उष्णतेचा उगम व तिचे परिणाम :
प्रोसेसरमधील ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना जी शक्ती खर्च होते, ती व्होल्टताच्या वर्गाच्या व गतीच्या समप्रमाणात असते. गती वाढविण्यासाठी बहुधा व्होल्टताही वाढवावी लागते. त्यामुळे उष्णता गतीपेक्षा अधिक वेगाने वाढते. शिवाय तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून विद्युत्-गळती अधिक होते व ती गळती पुन्हा उष्णतेतच रूपांतरित होते.

रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीत प्रोसेसरचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की त्याची गती कमी केली जाते आणि ८५ अंशांनंतर चित्रप्रक्रिया करणाऱ्या भागावरही हे बंधन येते. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. या योजनेमुळे संगणक जळत नाही, हा लाभ निःसंशय मोठा आहे. तथापि अध्यापकाच्या दृष्टीने अडचणही येथेच उद्भवते. संगणक बंद पडत नाही, पडद्यावर ठळक इशारा येतोच असे नाही; तो फक्त मंदावतो. दोन क्रमवारी-पद्धतींची तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याने पहिली पद्धत थंड संगणकावर व दुसरी तापलेल्या संगणकावर चालविली, तर त्याच्या कोष्टकात दिसणारा फरक पद्धतींचा नसून तापमानाचा असू शकतो. त्याचप्रमाणे हवामानमापनाच्या प्रकल्पात तापमान-संवेदक त्याच पेटीत बसविला, तर तो परिसराऐवजी पेटीचेच तापमान सांगतो.

उष्णतावहनाचे गणित :
प्रोसेसरपासून खोलीतील हवेपर्यंतच्या मार्गाला एक 'औष्णिक रोध' असतो. शक्ती व हा रोध यांचा गुणाकार म्हणजे खोलीच्या तुलनेत होणारी तापमानवाढ. समजा, बंद पेटीतील संगणक पूर्ण भाराखाली खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापतो. खोली २५ अंशांवर असेल तर प्रोसेसर ७० अंशांवर स्थिरावेल. हीच खोली ४० अंशांवर गेली तर हिशेब ८५ अंशांवर येतो, म्हणजे थ्रॉटलिंग अटळ ठरते. चंद्रपूर, अकोला वा नागपूर येथे मे महिन्यात बाहेरील तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. अशा ठिकाणी वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत हा प्रश्न केवळ सैद्धांतिक राहत नाही. हिवाळ्यात यशस्वी ठरलेला प्रयोग उन्हाळ्यात तसाच चालेल, असे गृहीत धरता येत नाही.

उष्णता वाहून नेण्यास किती हवा लागते, हेही पाहणे उद्बोधक आहे. एक घनमीटर हवेचे तापमान एका अंशाने वाढविण्यास सुमारे १२०० जूल ऊर्जा लागते. संगणकाची उष्णता ६ वॅट मानली व पेटीतून जाताना हवा १० अंशांनी तापू द्यावयाची ठरविली, तर सेकंदाला सुमारे अर्धा लिटर, म्हणजे मिनिटाला ३० लिटर हवा पुरते. एवढी हवा लहानसा पंखाही देऊ शकतो. यावरून असे दिसते की, बहुतेक पेट्यांत उणीव पंख्याच्या शक्तीची नसून हवेच्या वाटेची असते.

पेटीतील बदल :
१) झरोके : जुन्या माळवदी घरांच्या छतात धूर व उष्ण हवा जाण्यासाठी सवणे ठेवलेले असे, परंतु खालून दारातून हवा आत येत असेल तरच ते उपयोगी पडे. पेटीचा न्यायही हाच आहे. हवा आत येण्याची वाट फलकाच्या खालच्या बाजूस व बाहेर जाण्याची वाट वर असावी. या दोहोंच्या मार्गावर प्रोसेसर यावा. ३० मिलिमीटर व्यासाच्या पंख्याचा मधला गोल भाग १६ मिलिमीटरचा धरल्यास हवेसाठी सुमारे ५०० चौरस मिलिमीटर जागा उरते. पेटीतील प्रवेश-झरोक्यांचे एकूण क्षेत्रफळ किमान तेवढे ठेवण्यासाठी ५ मिलिमीटर व्यासाची सुमारे २६ छिद्रे लागतात. दोन-चार छिद्रे पाडून पंखा बसविल्यास तो आतील तप्त हवाच घुसळत राहतो. छिद्रे पंख्याला अगदी लागून असल्यास हवा जवळच्या वाटेने ये-जा करते व प्रोसेसरपर्यंत पोहोचत नाही.

२) हीटसिंक : प्लास्टिकची उष्णतावाहकता ॲल्युमिनिअमच्या तुलनेत सुमारे हजारपट कमी आहे. म्हणून प्रोसेसरवर ॲल्युमिनिअमचा हीटसिंक चिकटविणे हा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय होय. तो औष्णिक चिकटपट्टीनेच बसवावा. साध्या डिंकाने हवेचे पोकळ थर राहतात आणि स्थिर हवा ही स्वतःच उष्णतारोधक आहे. संपूर्ण धातूची पेटी प्रोसेसरला पट्टीद्वारे भिडवल्यास पंख्याविनाही चांगला परिणाम मिळतो. मात्र धातूमुळे बिनतारी संदेश क्षीण होण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

३) पेटीची मांडणी : तळाला ५ ते ८ मिलिमीटर उंचीचे रबरी पाय लावल्यास खालचे झरोके टेबलावर दबत नाहीत. पेटी कडेवर उभी ठेवल्यास फलकाच्या दोन्ही बाजूंनी उष्ण हवा सहज वर जाते.

४) पंख्याची जोडणी : ५ व्होल्टचा पंखा चाळीस पिनांच्या जोडणीतील चौथ्या व सहाव्या पिनेवर अनुक्रमे धन व ऋण तारेने जोडता येतो. नियंत्रणासाठीच्या पिनेवरून थेट पंखा चालवू नये. तिची प्रवाहक्षमता अपुरी असते. त्यासाठी ट्रान्झिस्टर व संरक्षक डायोड आवश्यक आहेत. पंखा चालू होण्याचे व बंद होण्याचे तापमान यांत काही अंशांचे अंतर ठेवावे, अन्यथा तो सतत चालू-बंद होत राहतो.

छिद्रे पाडण्यापूर्वी फलक पेटीतून बाहेर काढणे अनिवार्य आहे. जागेवर कागदी चिकटपट्टी लावून प्रथम बारीक छिद्र घ्यावे, नंतर ते मंद गतीने रुंद करावे. घाईने ड्रिल चालविल्यास प्लास्टिक वितळते वा तडकते. धातूच्या पेटीतील कीस पूर्णपणे झाडून काढावा. एक कणही फलकावर शॉर्टसर्किट घडवू शकतो. धूळ रोखण्यासाठी जाळी लावल्यास हवेचा प्रवाह घटतो, म्हणून छिद्रांची संख्या त्या प्रमाणात वाढवावी व जाळी नियमित स्वच्छ करावी.

मोजमापाची पद्धत :
बदल करण्यापूर्वी व केल्यानंतर तीच आज्ञावली, त्याच भाराने, किमान अर्धा तास चालवावी. दर काही सेकंदांनी प्रोसेसरचे तापमान व गती आणि सोबत खोलीचे तापमान नोंदवावे. लिनक्स प्रणालीत हे तापमान अंशाच्या हजाराव्या भागात मिळते. ६२३१० हा आकडा ६२.३१ अंश दर्शवितो. तुलना निव्वळ तापमानाची न करता खोलीच्या तुलनेतील वाढीची करावी.

येथे एक फसगत संभवते. थ्रॉटलिंग सुरू झालेला संगणक स्वतःची गती कमी करून तापमान मर्यादेजवळ रोखून धरतो. अशा वेळी दोन पेट्यांचे तापमान जवळपास सारखे दिसते, परंतु एकीत काम वेळेत होते व दुसरीत रेंगाळते. म्हणून काम पूर्ण होण्यास लागलेला वेळ तापमानासोबत नोंदविलाच पाहिजे. यापूर्वी थ्रॉटलिंग झाले होते काय, याची खूण संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत प्रणालीत राहते. प्रत्येक प्रयोगाअंती ती तपासावी.

समारोप :
पेटीचे शीतनीकरण हे हौशी तंत्रज्ञांपुरते मर्यादित काम नाही. त्यात भौतिकशास्त्रातील उष्णतावहन, इलेक्ट्रॉनिक्समधील नियंत्रण, संगणकशास्त्रातील कार्यमापन आणि कार्यशाळेतील हस्तकौशल्य एकत्र येतात. त्यामुळे पदवी स्तरावरील आंतरविद्याशाखीय प्रकल्प म्हणून ते उपयुक्त ठरते. त्याहून महत्त्वाचे असे की, उपकरणाची स्वतःची स्थिती हाही प्रयोगातील एक चल आहे, याचे भान विद्यार्थ्याला त्यातून येते. प्रयोगवहीत आज्ञावलीच्या वेळेशेजारी प्रोसेसर व खोली यांच्या तापमानाचे दोन स्तंभ आखणे, ही त्याची साधी सुरुवात ठरू शकते.