उपचाराचे स्थान आणि पायांच्या रोहिण्यांचा विकार

चालू लागले की पोटरी दुखते आणि थांबले की दुखणे ओसरते, या लक्षणास वैद्यकात ‘क्लॉडिकेशन’ अशी संज्ञा आहे. लॅटिनमधील ‘लंगडणे’ या अर्थाच्या धातूपासून ती आली. प्रत्यक्षात रोग्यास लंगडण्यापेक्षा थांबावेच लागते. पायांच्या रोहिण्या आतील मेदयुक्त थरांमुळे अरुंद होतात व चालताना स्नायूंस लागणारे वाढीव रक्त मिळत नाही, हे याचे कारण होय. घोट्याच्या रक्तदाबास दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारा अंक ०.९० किंवा त्याहून कमी भरल्यास हा विकार असल्याचे मानतात.

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. तंबाखू सोडणे, औषधे आणि देखरेखीखाली चालण्याचा व्यायाम हे प्रथम. विश्रांतीतही वेदना होत असतील किंवा जखम भरत नसेल, तर मात्र पाय वाचविण्यासाठी रोहिणी मोकळी करणे निकडीचे ठरते. नळीद्वारे ती मोकळी करण्याची पद्धती चार्ल्स डॉटर यांनी १९६४ साली अमेरिकेतील पोर्टलँड येथे प्रथम योजिली. या पद्धतीमुळेच हे उपचार पुढे रुग्णालयाबाहेर करणे शक्य झाले.

२००८ साली अमेरिकेतील वृद्धांच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी विमायोजनेने आपल्या मोबदल्याचे नियम बदलले व बाह्यरुग्ण उपचारांस उत्तेजन मिळाले. २००६ ते २०११ या काळात दर लाख लाभार्थ्यांमागे रुग्णालयात दाखल करून केलेले असे उपचार सुमारे २१० वरून १५२ वर आले. खाजगी चिकित्सालयांतील उपचार ६ वरून ३८ वर गेले. रोहिणीतील थर खरवडून काढणारी, अधिक मोबदल्याची ‘अ‍ॅथेरेक्टमी’ तर या चिकित्सालयांत सुमारे पन्नासपट वाढली.

या बदलाचे लाभ उघड आहेत : रोगी त्याच दिवशी घरी जातो व रुग्णालयातील मुक्कामाचा खर्च वाचतो. परंतु उपकरणांचा मालक, उपचाराचा निर्णय घेणारा आणि मोबदला घेणारा एकच असला, म्हणजे निर्णयावर अर्थकारणाची छाया पडण्याचा संभव असतो. केवळ चालताना दुखणाऱ्या रोग्यांपैकी फारच थोड्यांचा पाय पुढे धोक्यात येतो; उलट अनावश्यक उपचाराने रोहिणीस इजा होऊ शकते व पुन्हापुन्हा उपचार करावे लागतात. म्हणूनच, केवळ रोग बळावू नये एवढ्यासाठी अशा रोग्यांवर हा उपचार करू नये, असे २०२४ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे.

मेडिकेअरने २०१७ साली बारा आठवड्यांत छत्तीस सत्रांपर्यंतच्या व्यायामाचा खर्चही मान्य केला. तात्पर्य, उपचाराचे स्थान स्वतः चांगले वा वाईट नसते. तेथे कोणत्या उपचारास मोल दिले जाते, यावर रोग्याचे हित अवलंबून राहते.