मौन म्हणजे संमती का? : अवयवदान आणि ‘संमती’ या शब्दाचा अर्थ

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• ‘स्पष्ट संमती’ आणि ‘गृहीत संमती’ या दोन पद्धतींमधील भेद सांगता येईल.
• ‘दान’ व ‘संमती’ या शब्दांच्या अर्थांचा या वादाशी असलेला संबंध उलगडून दाखवता येईल.
• या प्रश्नासंबंधी स्वतःचे मत कारणांसह मांडता येईल.

1. प्रास्ताविक
शब्दार्थाची चर्चा ही केवळ कोशापुरती मर्यादित नसते. काही शब्दांच्या अर्थावर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून असते. ‘संमती’ हा असाच एक शब्द आहे. मेंदूमृत्यू झालेल्या एका व्यक्तीचे हृदय, फुप्फुसे, यकृत, मूत्रपिंडे इत्यादी अवयव आठ रुग्णांपर्यंत जीवदान देऊ शकतात. तथापि भारतात मरणोत्तर अवयवदात्यांचे प्रमाण दर दहा लाख लोकसंख्येमागे एकाहूनही कमी आहे. प्रतीक्षायादीतील अनेक रुग्ण अवयव मिळण्यापूर्वीच दगावतात. अशा स्थितीत एक प्रश्न वारंवार विचारला जातो. एखाद्याने हयातीत होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही, तर त्याच्या मौनाचा अर्थ काय लावावा?

2. दोन पद्धती
स्पष्ट संमतीच्या पद्धतीत व्यक्तीने स्वतः होकार नोंदवावा लागतो. भारतातील 1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा या पद्धतीचा आहे. दोन किंवा अधिक साक्षीदारांसमोर, ज्यांपैकी किमान एक जवळचा नातेवाईक असेल, लेखी व निःसंदिग्ध अनुमती दिलेली असावी, अशी त्यात तरतूद आहे. अशी अनुमती नसल्यास निर्णय नातेवाइकांकडे जातो.

गृहीत संमतीच्या पद्धतीत याच्या उलट घडते. ज्याने नकार नोंदवलेला नाही, त्याची संमती आहे असे कायदा मानतो. स्पेनने 1979 साली, वेल्सने 2015 साली आणि इंग्लंडने 2020 साली ही पद्धत स्वीकारली. जर्मनीच्या संसदेने मात्र 2020 साली ती नाकारली.

3. ‘दान’ आणि ‘संमती’
‘राजाने याचकाला गाय दिली’ या वाक्यात राजा कर्ता, गाय कर्म आणि याचक संप्रदान आहे, हे आपण विभक्तिविचारात पाहिले आहे. देण्याच्या क्रियेला देणारा लागतो. दधीची ऋषींच्या कथेतही देव आधी अस्थी मागतात आणि ऋषी त्या स्वेच्छेने देतात. म्हणूनच ते दान ठरते. गृहीत संमतीवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप हाच आहे. तेथे ‘त्याने अवयव दिले’ या वाक्याची जागा ‘त्याचे अवयव घेतले गेले’ हे कर्मणी वाक्य घेते आणि कर्ता हरवतो.

यावर ‘मौनं संमतिलक्षणम्’ या वचनाचा आधार घेऊन उत्तर दिले जाते. हे उत्तर सहज झटकून टाकण्यासारखे नाही. सभेत अध्यक्ष विचारतात, ‘या ठरावाला कोणाची हरकत आहे का?’ कोणी बोलत नाही आणि ठराव सर्वानुमते संमत होतो. येथे मौन हा खराखुरा होकार असतो. परंतु त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक असतात : प्रश्न सर्वांनी ऐकलेला असतो, तो त्यांना समजलेला असतो आणि ‘हरकत आहे’ असे म्हणण्याची मुभा असते. ज्याच्यापर्यंत प्रश्नच पोहोचला नाही, त्याचे मौन हे उत्तर नव्हे.

नेदरलँड्सने 2020 पासून ही अट पाळण्याचा प्रयत्न केला आहे. ज्या प्रौढ नागरिकाने आपली निवड नोंदवलेली नाही, त्याला पत्र पाठवले जाते. उत्तर न आल्यास पुन्हा पत्र जाते आणि त्यानंतरच ‘हरकत नाही’ अशी नोंद होते.

4. अनुभव काय सांगतो?
जॉन्सन व गोल्डस्टीन यांच्या 2003 सालच्या अभ्यासात स्पष्ट संमतीच्या जर्मनीत होकाराचे प्रमाण सुमारे 12 टक्के, तर गृहीत संमतीच्या ऑस्ट्रियात 99 टक्क्यांहून अधिक आढळले. हा फरक डोळे दिपवणारा आहे; मात्र तो कागदावरील संमतीचा आहे, प्रत्यक्ष दानाचा नव्हे.

स्पेनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1989 साली तेथे मरणोत्तर दात्यांचे प्रमाण दर दहा लाखांमागे सुमारे 14 होते. पुढे ते 40 च्या वर गेले. कायदा मात्र 1979 चाच होता. त्यावर विसंबून न राहता तेथे आजही कुटुंबाला विचारले जाते. 1989 साली राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन झाली आणि रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले. बदल घडला तो प्रामुख्याने या व्यवस्थेमुळे. ब्राझीलमध्ये याउलट झाले. 1997 साली केलेला गृहीत संमतीचा कायदा लोकांच्या अविश्वासामुळे 1998 सालीच मागे घ्यावा लागला.

5. आपल्यापुढील मार्ग
मराठीत मृत्यूची भाषा श्वासाची आहे. ‘शेवटचा श्वास घेतला’, ‘प्राण गेला’ असे आपण म्हणतो. मेंदूमृत्यूत मात्र कृत्रिम श्वसनयंत्रामुळे छाती हलत असते, शरीर उबदार असते. चार वैद्यकीय तज्ज्ञांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून मृत्यू घोषित केला, तरी ‘अजून श्वास चालू आहे’ असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ज्या समाजात ही संकल्पनाच पुरेशी पोहोचलेली नाही, तेथे मौनाला होकार मानणे उचित ठरणार नाही. त्यातून अविश्वास वाढण्याचीच शक्यता अधिक.

याचा अर्थ आहे ती स्थिती समाधानकारक आहे, असा नव्हे. न विचारण्याची किंमत प्रतीक्षायादीतील रुग्ण मोजत असतो. 2011 च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातील संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना अवयवदानाच्या पर्यायाची माहिती देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले. हा प्रश्न त्या कठीण घडीपूर्वी, घरात, शांतपणे विचारला गेला पाहिजे. आपण प्रतिज्ञापत्र भरले, पण घरी सांगितले नाही, तर आपला होकार ऐनवेळी कोणाला ठाऊकच नसतो. होकार असो वा नकार, तो बोलून दाखवणे हे आपल्या माणसांवरचा भार हलका करणे आहे.

सारांश
गृहीत संमती अयोग्यच असते असे नाही. जेथे प्रश्न प्रत्येकापर्यंत पोहोचतो आणि नकार देणे सोपे असते, तेथे मौनाला अर्थ प्राप्त होतो. भारतात तशी स्थिती येईपर्यंत स्पष्ट संमतीची पद्धत राखून विचारण्याची व्यवस्था बळकट करणे अधिक इष्ट होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
1. मौनाला संमतीचा अर्थ कोणत्या परिस्थितीत प्राप्त होतो? सभेव्यतिरिक्त एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.
2. ‘गृहीत संमतीने मिळालेल्या अवयवाला दान म्हणता येईल का?’ या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडा.
3. या विषयावर आपल्या कुटुंबीयांशी चर्चा करा व तीत आलेली मते सुमारे 150 शब्दांत लिहा.