माळ्यावरची बंदूक

मामाचं तेरावं आटोपलं आणि घरादाराचा विषय निघाला. मामीने सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, बँकेचं पासबुक एकेक करून पुढे ठेवलं. शेवटी माळ्यावरून जुन्या धोतरात गुंडाळलेली बारा बोअरची दुनळी खाली आली. सोबत गंजका डबा, त्यात अकरा काडतुसं. “ही आता कुणाची?” मामीने विचारलं. कुणीच बोलेना. मग धाकटे मामा म्हणाले, “राहू दे माळ्यावरच. इतकी वर्षं होतीच ना?”

कोकणात रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखायला परवाना काढलेली बंदूक पुष्कळ घरांत असते. माणूस जातो, बंदूक माळ्यावर राहते. माणूस गेल्यावर तिच्याबाबतचा कायदा बदलतो, हे मात्र घरच्यांना ठाऊक नसतं.

परवाना माणसाच्या नावावर असतो आणि त्याच्याबरोबरच संपतो. बंदुकीची मालकी वारसांकडे येते, पण ती जवळ बाळगायचा हक्क आपोआप येत नाही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शिक्षा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर ती किमान दोन वर्षं, कमाल पाच वर्षं कैद आणि वर दंड. काडतुसांनाही परवाना लागतो, आणि डब्यातली काडतुसं तर हमखास विसरली जातात.

म्हणून पहिलं काम म्हणजे बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करणं. निवडणुकीच्या वेळी बंदुका ठाण्यात नेऊन देण्याची गावाला सवय आहेच. तरी आता परवानाधारकच हयात नाही, तेव्हा बंदूक उचलून नेण्याआधी ठाण्यात लेखी कळवावं. पावतीवर बंदुकीचा नंबर, बोअर आणि काडतुसांची संख्या नीट लिहून घ्यावी. जमा केली म्हणजे गेली, असं नाही. नव्या परवान्यावर वारसाला ती परत मिळते किंवा रीतसर विकता येते. ठरलेली मुदत उलटू दिली, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते.

वारसाचा अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलीस आयुक्तांकडे. वय एकवीस पूर्ण हवं. पोलीस चौकशी होते, वैद्यकीय दाखला लागतो, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षणही. दोन बंदुका आधीच नावावर असतील, तर तिसरी वारसा म्हणूनही घेता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ठासणीच्या बंदुकीचा. “शंभर वर्षांची आहे, तिला कसला परवाना?” हे वाक्य मी तीन जिल्ह्यांत ऐकलं आहे. कायद्यात सूट आहे, पण निव्वळ वयाला नाही. जुनाट किंवा मोडकं हत्यार दुरुस्ती करूनही बार काढू शकणार नसेल, तरच ते सुटतं. गंज खरवडून, घोडा बसवून ती उडत असेल, तर कायद्याच्या लेखी ती बंदूकच. नळीतून आरपार उजेड दिसतो की नाही, एवढं पाहून घरच्या घरी निकाल लावू नये.

मला मनापासून हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाची सत्तरी झाली किंवा बंदूक पंचवीस वर्षं त्याच्याकडे असली, की तो हयात असतानाच वारस सुचवू शकतो. मामा पंचाहत्तर वर्षांचे होते आणि बंदूक चाळीस वर्षं त्यांच्याकडे होती. त्यांनी लेकीचं नाव दिलं असतं, तिला शेजारी बसवून नळी साफ करायला शिकवलं असतं, तर किती बरं झालं असतं! हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. तुमच्या घरात असे कुणी असतील, तर आजच त्यांच्याशी बोला.

आम्ही दुसऱ्याच दिवशी ठाण्यात गेलो. हवालदारांनी काडतुसं टेबलावर उभी करून मोजली, अकरा भरली. मामेबहिणीने सही केली, पावतीची घडी सातबाराच्या पिशवीत ठेवली आणि तिथूनच ती अर्जाची चौकशी करायला तालुक्याला गेली.