लेसर कटरची चाल चुकते तेव्हा

पातळ लाकडी फळीवर नक्षी कोरावी, प्लायवूडमधून आकाशकंदिलाचे भाग कापून घ्यावेत, घरासाठी नावाची पाटी तयार करावी, ही कामे पूर्वी केवळ कुशल कारागिराच्या हातालाच साधत. आता टेबलावर मावणारा छोटा लेसर कटरही ती करू लागला आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथील विज्ञान आश्रमात २००२ साली ‘फॅब लॅब’ सुरू झाली आणि संगणकाच्या आज्ञेने वस्तू घडविणारी यंत्रे ग्रामीण विद्यार्थ्यालाही हाताळता येतात, हे तेथे दिसून आले.

परंतु यंत्राबरोबर त्याच्या तक्रारीही येतात. वर्तुळ लांबट होते, चौकोनाची टोके जुळत नाहीत, रेषा मध्येच एका अंगास सरकते. मग मोटार बिघडली असे समजून नवे भाग मागविले जातात किंवा यंत्र झाकून कोपऱ्यात ठेवले जाते. वास्तविक दोष पुष्कळदा एखाद्या सैल स्क्रूत किंवा चुकीच्या आकड्यात असतो. तो क्रमाने शोधला तर खर्च व वेळ दोन्ही वाचतात.

यंत्र मोजते, पाहत नाही

या यंत्रातील मोटार सलग न फिरता पावलापावलाने फिरते. सामान्यतः तिच्या एका फेऱ्यात २०० पावले असतात. नियंत्रक प्रत्येक पावलाचे १६ सूक्ष्म भाग करीत असल्यास एका फेऱ्यास ३,२०० भाग होतात. पट्ट्याच्या दोन दात्यांतील अंतर २ मिलिमीटर व मोटारीवरील कप्पीस २० दाते असल्यास एका फेऱ्यात लेसरचे डोके ४० मिलिमीटर सरकते. म्हणजेच १ मिलिमीटरसाठी ८० पावले लागतात.

यंत्र ही पावले मोजून देते. परंतु डोके खरोखरच त्या जागी पोहोचले की नाही, हे पाहण्याची सोय बहुतेक छोट्या यंत्रांत नसते. कप्पी घसरली किंवा वायर अडकली तरी यंत्राचा हिशेब पुढे चालूच राहतो आणि त्यानंतरचे सर्व काम सरकलेले उमटते.

दोषाची ओळख

कोणताही भाग उघडण्यापूर्वी पुठ्ठ्यावर कमी शक्तीने १०० मिलिमीटर बाजूचा चौकोन व एक वर्तुळ रेखाटावे आणि पट्टीने मोजावे.

चौकोन प्रत्येक वेळी ठराविक प्रमाणातच लहान अथवा मोठा येत असेल, उदाहरणार्थ १०० ऐवजी नेमका ५०, तर दोष आकड्यांत आहे. आरंभ व शेवट जुळत नसेल, किंवा दर वेळी चूक निराळ्या ठिकाणी होत असेल, तर पावले हुकत आहेत. कारण बहुधा यंत्राच्या अंगात सापडते. वर्तुळ काही ठिकाणी चपटे येत असेल तर पट्टा किंवा चाके सैल असावीत. आकृती आरशातल्यासारखी उलटी येत असेल तर आरंभबिंदूची किंवा दिशेची निवड चुकली आहे.

प्रथम हाताने तपासणी

वीज बंद करून प्लग काढावा. डोके हाताने सावकाश सर्व बाजूंना सरकवून पाहावे. कोठे अडखळल्यास तेथील रूळ व चाके यांवर साचलेली काजळी कोरड्या कापडाने पुसावी. मोटारीच्या दांड्यास बहुधा एक बाजू सपाट असते. कप्पीचा छोटा स्क्रू त्याच सपाट बाजूवर घट्ट बसला पाहिजे. पट्टा लोंबता नसावा, पण अति ताणलेलाही नसावा. डोक्याबरोबर फिरणारी वायर शेवटच्या टोकापर्यंत मोकळी जाते ना, हेही पाहावे.

काम मध्येच थांबून संगणकाशी संबंध तुटत असेल तर यूएसबी केबल बदलून पाहावी आणि संगणक आपोआप झोपी जाण्याची व्यवस्था बंद करावी.

मग संगणकातील आकडे

अनेक छोटी यंत्रे ‘जीआरबीएल’ या नियंत्रण-प्रणालीवर चालतात व ‘लाइटबर्न’ किंवा ‘लेसरजीआरबीएल’ या कार्यक्रमांतून त्यांना आज्ञा दिल्या जातात. तेथे डॉलर-चिन्हासह क्रमांकांची एक यादी दिसते. काहीही बदलण्यापूर्वी ही संपूर्ण यादी वहीत उतरवून घ्यावी.

क्रमांक १०० व १०१ हे आडव्या व उभ्या दिशेस प्रति मिलिमीटर किती पावले, हे सांगतात. रेषा १०० ऐवजी ९९ मिलिमीटर आल्यास जुना आकडा ८० ला १०० ने गुणून ९९ ने भागावे. नवा आकडा ८०.८१ येतो. ही दुरुस्ती पट्टा व स्क्रू ठीक केल्यानंतरच करावी; अन्यथा सैलपणाचा दोष आकड्यांत मुरतो व पुढे सापडत नाही.

क्रमांक ११० व १११ कमाल वेग, तर १२० व १२१ वेगवाढ ठरवितात. वेगवाढ निम्मी केल्यावर रेषा सरकणे थांबले, तर मोटारीस तिच्या बळापलीकडचे काम दिले जात होते असे समजावे. वेगाचे एककही पाहावे. सेकंदास ५० मिलिमीटर म्हणजे मिनिटास ३,००० मिलिमीटर. येथे गल्लत झाल्यास वेगात साठपटीचा फरक पडतो.

क्रमांक ३० मधील कमाल शक्तीचा आकडा संगणकातील कार्यक्रमातही तोच असावा. क्रमांक ३२ लेसरसाठी १ हवा. तो ० राहिल्यास शक्ती बदलताना डोके क्षणभर अडखळते व त्या जागी जळका ठिपका उमटतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा चौकोन काढून पाहावा. दोन बदल एकत्र केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

दक्षता

चाल चुकणारे यंत्र केवळ काम बिघडवीत नाही. डोके अडकून किरण एकाच जागी सुरू राहिल्यास पुठ्ठा पेट घेतो. म्हणून यंत्र चालू असताना जवळून हलू नये, अग्निशामक हाताशी ठेवावा आणि वीज तोडण्याचे बटण कोठे आहे हे प्रत्येक विद्यार्थ्यास दाखवावे. निळ्या डायोड लेसरची तरंगलांबी सुमारे ४५० नॅनोमीटर, तर कार्बन डायऑक्साइड लेसरची १०,६०० नॅनोमीटर असते. एकासाठी घेतलेला चष्मा दुसऱ्यासाठी पुरेसा समजू नये. पीव्हीसी कधीही कापू नये. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू फुफ्फुसांस व यंत्रासही घातक आहे.

शाळेत किंवा कार्यशाळेत यंत्राशेजारी एक वही दोरीने बांधून ठेवणे हितावह ठरेल. मूळ आकडे, केलेला बदल, तारीख व चौकोनाचे माप एवढे तीत लिहिले, तरी जाणकार व्यक्ती बदलून गेल्यावरही नव्या शिक्षकास यंत्र बंद न ठेवता काम पुढे चालविता येईल.