शी-शूचे वळण : काही समजुती आणि वस्तुस्थिती

वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर, जेथे शेख फरीदबाबांचा दर्गा आहे, सुपारीसारखे वाटोळे दगड सापडतात; बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल त्यांच्या शब्दासरशी पाषाण झाला, अशी आख्यायिका आहे, आणि भूशास्त्र त्यांना झिओलाइट खनिजाच्या गुठळ्या म्हणते. आख्यायिका हा श्रद्धेचा इलाखा, तेथे वाद घालण्याचे प्रयोजन नाही. परंतु मुलाला शी-शूचे वळण लावण्याच्या मामल्यात चांगली शिकलीसवरलेली घरेही अशाच एका शब्दाच्या चमत्काराची अपेक्षा धरतात आणि तो घडला नाही, की ठपका आईवर ठेवून मोकळी होतात.

‘शेजारचे मूल वर्षाचे असतानाच सांगू लागले’ हा दाखला घरोघरी दिला जातो. मूत्राशय आणि गुदद्वार यांच्या स्नायूंवर मज्जासंस्थेचा अंमल बसण्यास मुदत लागते, आणि ती बहुधा दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान, काहींच्या बाबतीत त्याहूनही उशिरा, पुरी होते. दोन तास लंगोट कोरडा राहणे, शीच्या वेळी मुलाने कोपरा गाठणे, चड्डी आपण होऊन खाली ओढता येणे, ही ती पुरी झाल्याची चिन्हे होत. मग आजी पाय लांब करून, तान्ह्याला दोन्ही पावलांवर बसवून ‘श्शू’ करते आणि ते खरोखर मोकळे होते, ते कसे? ही रीत चुकीची नव्हे, उलट फार शहाणी आहे; मात्र तेथे वेळ ओळखते ती आजी, ताबा मुलाचा नसतो, एवढे ध्यानात ठेवावे.

खरा अनर्थ मलावरोधाच्या अज्ञानातून होतो. एकदा शी कडक होऊन दुखले, की मूल पुढच्या वेळी ती रोखून धरते, पायांची अढी घालते, पडद्याआड जाऊन ताठ उभे राहते. आत साठलेला मल अधिकच कठीण होतो आणि त्याच्या कडेने पातळ पाझर चड्डीत उतरू लागतो. घरातील मंडळी यास जुलाब समजून त्यावरील औषध पाजतात, किंवा खोडसाळपणा समजून चापट मारतात, आणि दोन्ही उपायांनी रोग बळावतो. पाणी, फळे, भाजी, आवश्यक तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मल मऊ करणारे औषध, आणि जेवणानंतर पाच-दहा मिनिटे पाय नीट टेकवून बसवणे (कारण पोटात अन्न पडताच आतड्याला स्वाभाविक चालना मिळते), हाच खरा बंदोबस्त.

रात्रीचे अंथरुण ओले होणे आळसाचे लक्षण नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत सुमारे पंधरा मुले रात्री अंथरुण ओले करतात, आणि हे बहुधा आनुवंशिक असते. तक्रार करणाऱ्या बापाने स्वतःच्या आईकडे चौकशी करून पाहावी! महिनोन्‌महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा भिजवू लागले, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे.

राहिली ती सर्वात दृढमूल समजूत, की बाळाची शी निरुपद्रवी असते, म्हणून ती अंगणाच्या कडेला टाकली तरी चालते. ती खोटी आहे. तान्ह्याच्या शीतूनही अतिसाराचे जंतू आणि जंत पसरतात. याच जिल्ह्यात 1936 साली सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, मुक्काम करणाऱ्या गांधीजींनी मैला मातीआड करण्याचा जो आग्रह धरला, त्यातून मुलांचा मैला वगळण्याचे कारण नाही. संडास बांधून झाले, पण मोठ्यांच्या मापाचे ते काळोखे भांडे लहानग्यास भय घालते. तेव्हा प्रथम अंगणात किंवा मोरीजवळ लहान भांड्यावर बसवावे, ते संडासात रिकामे करावे, आणि साबणाने हात धुवावे, मुलाचेही आणि आपलेही.