यजमानाचें घर आणि पाहुण्याचें अभय

घरांत मंगलकार्य निघालें म्हणजे यजमान मांडवाची, पंगतीची आणि पाहुण्यांच्या बिऱ्हाडाची व्यवस्था पाहतो. आपल्या दारांत पाहुण्याच्या जिवास धक्का लागणार नाहीं, हें त्यानें निराळें लिहून द्यावयाचें नसतें; आमंत्रणाच्या अक्षतांबरोबरच तें अभय पाहुण्यास पोंचलेलें असतें. आंतरराष्ट्रीय क्रिकेटस्पर्धांचें यजमानपदहि पुष्कळ दिवस याच समजुतीवर चाललें. १९७५, १९७९ आणि १९८३ या तिन्ही सालच्या विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्यें झाल्या. तेथें मैदानें जवळजवळ होतीं, आणि उन्हाळ्याचा दिवस इतका लांब कीं, साठ-साठ षटकांचे दोन्ही डाव एकाच दिवशीं उरकत. यजमान निवडतांना विचार व्हावयाचा तो असा सोयीचा. आज मात्र मैदानें, पाऊसपाणी आणि उत्पन्न या सर्वांच्या आधीं एक प्रश्न उभा राहतो : तेथें जाणें सुरक्षित आहे काय?

प्रश्न लहान आहे. परंतु त्याचें उत्तर कोणा एकाच्या हातीं नाहीं. यजमानपद देते ती आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, आणि तिला तें पुष्कळ अगोदर द्यावें लागतें. २०२४ ते २०३१ पर्यंतच्या पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांचे यजमान तिनें नोव्हेंबर २०२१ मध्येंच जाहीर केले. मैदानांची डागडुजी, दिव्यांची सोय, प्रवासाची आणि निवासाची व्यवस्था हीं कामें चार महिन्यांत होणारीं नव्हत. परंतु संकट कांहीं पंचांग पाहून येत नाहीं. निवडीच्या वेळीं शांत असलेला देश स्पर्धेच्या महिन्यांत पेटलेला असूं शकतो, आणि पेटलेला देश तोंपर्यंत निवूंहि शकतो. म्हणून यजमान ठरल्यावरहि तीन ठिकाणचे होकार बाकी राहतात. आपला संघ धाडावयाचा कीं नाहीं, हें प्रत्येक देशाचें क्रिकेट मंडळ ठरवितें. मंडळाच्या मागें त्या देशाचें सरकार असतें, आणि त्याचा शब्द मंडळास मोडवत नाहीं. शेवटचा होकार ज्यास प्रत्यक्ष जावयाचें त्या खेळाडूचा. जुलै २०१६ मध्यें ढाक्यांतील एका उपाहारगृहावर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. त्यानंतर इंग्लंडच्या मंडळानें आपला संघ बांगलादेशांत पाठविला, तरी ऑइन मॉर्गन आणि अलेक्स हेल्स हे दोन खेळाडू गेले नाहींत. मंडळ एक म्हणतें आणि माणूस दुसरें, असेंहि होतें.

स्पर्धेपूर्वीं सुरक्षातज्ज्ञ यजमान देशांत येऊन मुख्यतः तीन जागा पाहतात : संघ उतरावयाचें हॉटेल, खेळण्याचें मैदान, आणि या दोहोंना जोडणारा रस्ता. मैदानास भिंत असते, दारें असतात. प्रेक्षकांची झडती घेतां येते. हॉटेलाचे मजले राखून ठेवतां येतात. कठीण असतो तो रस्ता. खेळ सुरू होण्याची वेळ सर्वांस ठाऊक असते. तेव्हां संघाची गाडी कोणत्या सुमारास कोठून जाणार, याचा अंदाज मित्राप्रमाणें वैऱ्यासहि बांधतां येतो. याखेरीज आणखी एक भेद लक्षांत घ्यावा लागतो. धोका त्या शहरास आहे, कीं त्या संघास आहे? शहरावरचा धोका पाहुण्यास योगायोगानें गांठतो. संघावरचा धोका त्याला शोधीत येतो.

पहिल्या प्रकारचें ठळक उदाहरण १९९६ सालचें. त्या वर्षीं विश्वचषकाचे यजमान भारत, पाकिस्तान आणि श्रीलंका असे तिघे होते. स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असतां ३१ जानेवारी रोजीं कोलंबोंतील मध्यवर्ती बँकेच्या दारांत स्फोटकांनीं भरलेली मालमोटार उडविण्यांत आली. सुमारे नव्वद माणसें मेलीं आणि हजाराहून अधिक जखमी झालीं. ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीज यांनीं कोलंबोंत खेळण्याचें नाकारलें. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना त्याआधीं धमक्याहि आलेल्या होत्या. तेव्हां त्यांची भीति अगदींच पोकळ होती असें म्हणतां येत नाहीं. श्रीलंकेनें मोठ्यांतला मोठा बंदोबस्त देऊं केला, तरी नकार फिरला नाहीं.

अशा वेळीं एक निराळीच गोष्ट घडली. १३ फेब्रुवारी रोजीं भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांच्या खेळाडूंचा एक संयुक्त संघ महंमद अझरुद्दीनच्या नेतृत्वाखालीं कोलंबोंत जाऊन श्रीलंकेशीं खेळला. सचिन तेंडुलकर आणि वासिम अक्रम त्या दिवशीं एका बाजूनें खेळले. शेजारच्या घरीं दुःख झालें असतां त्याच्या ओटीवर जाऊन घटकाभर बसावें, तसा तो सामना होता. पुढें झिंबाब्वे आणि केनिया यांचे संघहि श्रीलंकेंत जाऊन खेळले. न झालेल्या दोन सामन्यांचे गुण श्रीलंकेस मिळाले. आणि १७ मार्च रोजीं लाहोरच्या अंतिम सामन्यांत अरविंद डि सिल्व्हाच्या नाबाद १०७ धावांच्या बळावर श्रीलंकेनें त्याच ऑस्ट्रेलियास ७ गडी राखून हरविलें. कथेचा शेवट असा गोड झाल्यामुळें, जे गेले नाहींत ते भ्याड ठरले, असा निष्कर्ष काढणें सोपें आहे. परंतु तो तर्कास धरून नाहीं. कांहीं घडलें नाहीं, एवढ्यावरून कांहीं घडणारच नव्हतें असें सिद्ध होत नाहीं.

नकाराचा परिणाम खेळाच्या न्यायावर कसा होतो, हें २००३ सालीं अधिक स्पष्ट झालें. ती स्पर्धा दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि केनिया या देशांत होती. केनियांतील मोंबासा येथें आदल्याच नोव्हेंबरांत हल्ले झाले होते. म्हणून न्यूझीलंडनें नैरोबीस जाण्याचें नाकारलें. इंग्लंडनें हरारेस जाण्याचें नाकारलें. तेथें कारण सुरक्षिततेचें सांगितलें गेलें, तरी झिंबाब्वेच्या राज्यकर्त्यांविषयीं इंग्लंडमध्यें असलेला रोषहि त्या वादांत मिसळलेला होता. दोन्ही संघांनीं त्या सामन्यांचे गुण गमावले. इंग्लंड पहिल्याच फेरींत बाद झालें. केनियानें नैरोबींत श्रीलंकेस हरविलें, हें त्यांचें स्वतःचें कर्तृत्व. तथापि न खेळतां मिळालेल्या गुणांचाहि त्यांस हातभार लागला, आणि तो लहान संघ उपांत्य फेरीपर्यंत पोंचला. जो निकाल मैदानावर लागावयाचा, त्याचा कांहीं अंश अशा रीतीनें मंडळांच्या बैठकींत लागला.

तरीहि क्रिकेटवेड्या देशांत क्रिकेटपटूंवर कोणी शस्त्र उगारणार नाहीं, असा एक विश्वास तोंवर टिकून होता. मे २००२ मध्यें कराचींत न्यूझीलंडचा संघ उतरला होता त्या हॉटेलाजवळच स्फोट होऊन अकरा फ्रेंच तंत्रज्ञ आणि इतर कांहीं माणसें ठार झालीं. संघ दौरा टाकून परतला. परंतु तेव्हांहि निशाण संघावर धरलेलें नव्हतें.

हा विश्वास ३ मार्च २००९ रोजीं लाहोरांत मेला. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरच्या हल्ल्यानंतर भारताच्या संघाचा पाकिस्तान-दौरा रद्द झाला होता, आणि त्याच्या जागीं श्रीलंकेचा संघ गेला होता. ज्यांच्या अंगणांत यावयास एकदां परके भ्याले होते, तेच आतां दुसऱ्याच्या अंगणांत भरंवशानें गेले. दुसऱ्या कसोटी सामन्याचा तिसरा दिवस होता. सकाळीं संघाची बस गद्दाफी मैदानाकडे चालली असतां लिबर्टी चौकांत बंदूकधाऱ्यांनीं तिच्यावर गोळीबार केला. बंदोबस्ताचे सहा पोलीस आणि दोन नागरिक ठार झाले. कित्येक खेळाडू जखमी झाले. त्या दौऱ्यांत दोन द्विशतकें करणारा थिलन समरवीर याच्या मांडींत गोळी घुसली. बसच्या चालकानें गाडी न थांबवितां तशीच मैदानांत नेली, म्हणून आंतील माणसें वांचलीं. सामना तेथेंच संपला, आणि खेळपट्टीच्या अंगणांतून खेळाडूंना हेलिकॉप्टरनें हलवावें लागलें. घात झाला तो भिंतीआड नव्हे, हॉटेलांत नव्हे, तर रस्त्यावरच.

या घटनेची किंमत पाकिस्तानच्या सामान्य क्रिकेटप्रेमी माणसानें फार दिवस भरली. २०११ च्या विश्वचषकाचे एका उपांत्य सामन्यासह १४ सामने त्या देशांत व्हावयाचे होते. एप्रिल २००९ मध्यें ते काढून घेण्यांत आले, आणि स्पर्धा भारत, श्रीलंका व बांगलादेश या तिघांनीं भरविली. पाकिस्तानच्या भूमीवर पुढचा कसोटी सामना झाला तो डिसेंबर २०१९ मध्यें, रावळपिंडीस. आणि खेळावयास आला तो श्रीलंकेचाच संघ. लाहोरांत हल्ला झाला तेव्हां शाळेंत नुकतें नांव घातलेलें मूल त्या वेळीं मिसरूड फुटलेला तरुण झालें होतें. मधल्या काळांत त्याच्या देशाचा संघ ‘घरचे’ कसोटी सामने बहुतेक संयुक्त अरब अमिरातींत, रिकाम्या बाकांसमोर खेळत होता.

आतां याच्या शेजारीं मुंबईचें उदाहरण ठेवून पाहावें. २००८ च्या हल्ल्यानंतर इंग्लंडचा संघ भारत सोडून गेला. परंतु थोड्याच दिवसांत परत आला आणि डिसेंबरांत चेन्नईस कसोटी सामना खेळला. मुंबईचा ठरलेला कसोटी सामना मात्र दुसरीकडे हलविला गेला. त्यानंतर अडीच वर्षांच्या आंतच, २ एप्रिल २०११ रोजीं, विश्वचषकाचा अंतिम सामना मुंबईच्या वानखेडे मैदानावर झाला. लाहोरास दहा वर्षें लागलीं आणि मुंबईस अडीच पुरलीं, असें कां? एक कारण उघड आहे : मुंबईत निशाण क्रिकेटपटूंवर नव्हतें. दुसरें कारण असें कीं, पुन्हां तसें होऊं न देण्याचें सामर्थ्य भारताच्या शासनांत आहे, असा पाहुण्यांचा भरंवसा बसला. पण तिसरेंहि एक कारण आहे, आणि तें दडवूं नये. क्रिकेटच्या जागतिक उत्पन्नाचा फार मोठा भाग भारतांतून येतो. ज्याच्या घरून सर्वांची चूल पेटते, त्याच्या घरचा धोका सर्वांस थोडा लहान दिसतो.

हा पक्षपात केवळ भारतापुरता नाहीं. ७ जुलै २००५ रोजीं लंडनमध्यें स्फोट होऊन ५२ निरपराध माणसें मेलीं. त्याच दिवशीं लीड्स येथें इंग्लंड व ऑस्ट्रेलिया यांचा सामना झाला, आणि ऑस्ट्रेलियाचा दौरा शेवटपर्यंत चालला. २०१७ सालीं मँचेस्टर आणि लंडन येथील हल्ल्यांनंतरहि इंग्लंडमधील चॅम्पियन्स करंडक स्पर्धा पार पडली. १५ मार्च २०१९ रोजीं ख्राइस्टचर्च येथें बांगलादेशाचा संघ ज्या मशिदींत निघाला होता तेथेंच हत्याकांड झालें; संघ थोडक्यांत बचावला आणि घरीं परतला. न्यूझीलंड सुरक्षित देशांच्या यादींतून त्यामुळें गळला नाहीं, आणि गळावयास नकोहि होता. परंतु हीच कसोटी ढाका आणि कराची यांसहि लावली जाते काय, हें विचारण्याचा अधिकार तेथील लोकांना आहे.

शिवाय हे निर्णय ज्या माहितीवर होतात, ती गुप्त असते. १७ सप्टेंबर २०२१ रोजीं रावळपिंडीस सामन्याच्या दिवशींच न्यूझीलंडचा संघ खेळावयास उतरला नाहीं आणि दौरा सोडून परत गेला. धोक्याची सूचना आली, एवढेंच सांगण्यांत आलें. तपशील यजमानांस मिळाला नाहीं. सूचना खरी असेल तर ती प्रगट करणें धोक्याचें, आणि प्रगट न केली तर यजमानास स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं. असा हा पेंच आहे.

असो. अलीकडे या पेंचांतून तिऱ्हाइताच्या घरची वाट काढण्यांत येते. २०२४ सालीं बांगलादेशांतील अस्वस्थतेमुळें महिलांची ट्वेंटी-२० विश्वचषक स्पर्धा संयुक्त अरब अमिरातींत झाली. यजमानपण मात्र बांगलादेशाच्याच नांवावर राहिलें. २०२५ च्या चॅम्पियन्स करंडकाचा यजमान पाकिस्तान. परंतु भारताचा संघ तेथें गेला नाहीं आणि आपले सर्व सामने दुबईस खेळला. भारत अंतिम फेरींत पोंचला तर तो सामना दुबईस, नाहीं तर लाहोरास, असें ठरलें होतें. भारत पोंचला, आणि ९ मार्च रोजीं यजमानाच्या घरचें मुख्य पान दुसऱ्याच्या ओसरीवर वाढलें गेलें. माणसांचे जीव सांभाळले गेले आणि स्पर्धाहि मोडली नाहीं, हा या मार्गाचा मोठा गुण होय. परंतु एक संघ एकाच गांवीं बसून खेळतो आणि बाकीचे देशोदेशीं फिरतात, यांत समतेस बाध येतो. आणि सुरक्षिततेचें कारण कोठें संपतें व राजकारणाचें कोठें सुरू होतें, हें प्रेक्षकास कधींच कळत नाहीं.

कोणताहि यजमान निखालस अभय देऊं शकत नाहीं, ही गोष्ट आधीं मान्य केली पाहिजे. देतां येतो तो प्रामाणिक प्रयत्न आणि खरी माहिती. तीन नियम मात्र पाळतां येण्यासारखे आहेत. धोक्याची पाहणी कोणत्याहि मंडळाच्या मिंधेपणांत नसलेल्या माणसांनीं करावी, आणि श्रीमंत-गरीब सर्व देशांस एकच माप लावावें. पर्यायी मैदान सामन्यांची वांटणी होण्यापूर्वींच जाहीर असावें, म्हणजे न खेळतां गुण देण्याघेण्याची पाळी येणार नाहीं. आणि ज्या खेळाडूस जावेंसें वाटत नाहीं, त्यास कोणी भित्रा म्हणूं नये. तसेंच ज्या यजमानाच्या घरीं अजून गेलें नाहीं, त्याच्या दाराकडे कायमची पाठहि फिरवूं नये. लाहोरच्या त्या सकाळीं जे सहा पोलीस पडले, ते पाहुण्यांची वाट राखतांना पडले. यजमानाच्या निष्ठेस याहून मोठी साक्ष नाहीं. आणि तेवढ्या निष्ठेनेंहि रस्ता निर्धोक करतां आला नाहीं, हेंहि तितकेंच खरें आहे. यजमान निवडणाऱ्यांनीं या दोन्ही गोष्टी एकदम डोळ्यांपुढें ठेविल्या पाहिजेत.