ओळख अमेरिकन फुटबॉलची – भाग ११ : राखीव क्वार्टरबॅकची कसोटी

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक बाजूला चार प्रयत्नांत, म्हणजे चार ‘डाउन’मध्ये, १० यार्ड पुढे सरकावे लागते, आणि जवळपास प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी सेंटर हा मधला खेळाडू पायांमधून मागे देतो तो चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती पडतो, हे या लेखमालेच्या मागील भागांत पाहिले. चेंडू फेकायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन धावायचे, याचा निर्णय त्याला काही क्षणांत घ्यावा लागतो. ही जागा संघात एकच असते. क्रिकेटमधील राखीव यष्टिरक्षकाला निदान फलंदाज म्हणून संघात सामावून घेता येते. राखीव क्वार्टरबॅकला तशी दुसरी वाट बहुधा नसते. मुख्य खेळाडू जायबंदी झाल्याशिवाय किंवा प्रशिक्षकाचा त्याच्यावरील विश्वास उडाल्याशिवाय तो मैदानात येत नाही, आणि म्हणूनच तरुण राखीव खेळाडूला ‘संधी द्या’ ही प्रेक्षकांची मागणी ऐकायला सोपी असली, तरी संधी म्हणजे नेमके काय द्यायचे हा प्रश्न तीत अनुत्तरितच राहतो.

हा प्रश्न सामन्यापेक्षा सरावाशी अधिक निगडित आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील ३२ संघांपैकी प्रत्येकाला नियमित हंगामात साधारणपणे आठवड्याला एक सामना खेळावा लागतो, आणि त्या आठवड्यातील मोजक्या सरावसत्रांत आगामी प्रतिस्पर्ध्यासाठी आखलेल्या चालींची तालीम जवळजवळ पूर्णपणे मुख्य क्वार्टरबॅकच्या वाट्याला जाते. राखीव खेळाडूकडे बहुतेक वेळा वेगळेच काम असते : पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या आक्रमणाची नक्कल करून स्वतःच्या संघाच्या बचावफळीला तयार करणे. थोडक्यात, ज्याला अचानक मैदानात उतरावे लागणार, तो आठवडाभर दुसऱ्याच संघाच्या चाली खेळत असतो. त्यातच २०११ च्या खेळाडू-मालक करारानुसार संपूर्ण संरक्षक साहित्य चढवून करावयाच्या हंगामातील सरावांवर १४ ची मर्यादा आली आणि २०२१ पासून हंगामपूर्व सामने चारांवरून तीनांवर आले, त्यामुळे नवख्याला पारखण्याच्या जागा आणखी आक्रसल्या. तेव्हा सामन्याच्या मध्यात बदली म्हणून आलेल्या खेळाडूच्या अपयशावरून त्याची कुवत ठरवणे हा बराचसा अन्यायच होय.

या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण टॉम ब्रेडीचे आहे. पण ते जसे सांगितले जाते त्यापेक्षा त्याचे तपशील अधिक बोधक आहेत. नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, म्हणजे ‘ड्राफ्ट’मध्ये, २००० साली ब्रेडी सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या संघात तो चौथा क्वार्टरबॅक होता. त्या हंगामात त्याला केवळ तीन चेंडू फेकायला मिळाले. २००१ च्या हंगामापूर्वीच्या सरावशिबिरात मात्र तो अनुभवी डेमन हुअर्डला मागे टाकून दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला होता. म्हणजे २३ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्क जेट्सच्या मो लुइसच्या धडकेने न्यू इंग्लंडचा मुख्य क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याच्या छातीत रक्तस्राव झाला, तेव्हा ब्रेडीला मिळालेली जागा निव्वळ दैवाने मिळालेली नव्हती. दैवाने फक्त दार उघडले, दारापर्यंतची वाट त्याने आधीच चालून ठेवली होती.

पुढच्या आठवड्यात इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध न्यू इंग्लंडने ४४-१३ असा विजय मिळवला, आणि हा निकाल पाहून नव्या ताऱ्याचा उदय झाला असे कोणास वाटले असेल, तर त्याने आकडे नीट पाहिले नव्हते. ब्रेडीने २३ पैकी १३ चेंडू सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवले, १६८ यार्ड मिळवले आणि एकही टचडाउन फेकला नाही. उलट बचावफळीने प्रतिस्पर्ध्याचे चेंडू मध्येच अडवून दोन टचडाउन केले. त्याच्यावर टाकलेले ओझे बेताचे होते, त्याने ते सांडले नाही, आणि पहिल्या सामन्यात एवढेच पुरेसे होते. १४ ऑक्टोबरला सॅन डिएगोविरुद्ध त्याने ३६४ यार्ड मिळवून जादा वेळेत सामना जिंकून दिला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी डेन्व्हरमध्ये त्याने शेवटच्या सत्रात चार चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिले आणि संघ ३१-२० असा हरला. कसोटीचा खरा क्षण हाच. प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला काढले नाही, आणि नोव्हेंबरमध्ये ब्लेडसो बरा होऊन परतला तरी जागा ब्रेडीकडेच ठेवली, वास्तविक त्याच वर्षी क्लबने ब्लेडसोशी दहा वर्षांचा १० कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू इंग्लंडने सेंट लुइस रॅम्सला २०-१७ असे हरवून सुपर बोल जिंकला. रॅम्सचा क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर हादेखील १९९९ मध्ये ट्रेंट ग्रीनच्या गुडघ्याला झालेल्या दुखापतीमुळेच खेळू लागला होता, हा योगायोग अमेरिकेतील क्रीडालेखकांना आजही मोह घालतो.

याच्या नेमके उलट उदाहरण बफलो बिल्सचे आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात, संघाने पाच सामने जिंकले व चार हरले असताना, प्रशिक्षक शॉन मॅकडर्मॉट यांनी धडधाकट टायरॉड टेलरला बाजूला सारून पाचव्या फेरीत निवडलेल्या नेथन पीटरमनला चार्जर्सविरुद्ध उतरवले. पहिल्या अर्ध्यातच त्याने पाच चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती दिले, मध्यंतरानंतर टेलर परत आला, आणि सामना ५४-२४ असा गेला. पीटरमनची कुवत मुळातच तोकडी होती असे म्हणता येईल, आणि पुढील वर्षांनी ते बऱ्याच अंशी खरेही ठरवले. तरीही ज्या प्रयोगाची मुदत अर्ध्या सामन्यात संपते त्याला परीक्षा म्हणणे कठीण आहे.

एका सामन्यावरून होणारी फसगत दुसऱ्या बाजूनेही होते. ग्रीन बे पॅकर्सने २०११ च्या हंगामातील शेवटच्या सामन्यात ॲरन रॉजर्सला विश्रांती दिली, तेव्हा राखीव मॅट फ्लिनने डेट्रॉइटविरुद्ध ४८० यार्ड आणि सहा टचडाउन असा पराक्रम केला. सिॲटल सीहॉक्सने त्याला काही महिन्यांतच मोठ्या करारावर आणले. पण हंगामपूर्व शिबिरात तिसऱ्या फेरीत निवडलेल्या रसेल विल्सन या नवख्याने त्याला मागे टाकले. सिॲटलची शहाणीव अशी की, पैसे फ्लिनवर मोजले असूनही त्यांनी जागा विल्सनला दिली. गुंतवलेली रक्कम वसूल करण्याच्या नादात चुकीचा खेळाडू खेळवत राहणे हा या धंद्यातील जुना रोग आहे.

पैशाचा प्रश्न येथे आणखी एका मार्गाने शिरतो. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर लीगने कमाल मर्यादा घातलेली आहे, आणि २०११ पासून नवोदितांच्या वेतनावरही कडक निर्बंध आले : २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, तर पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख. तरुण क्वार्टरबॅक स्वस्त झाल्यामुळे त्याची स्वस्ताईची चार-पाच वर्षे बाकावर घालवणे क्लबांना परवडेनासे झाले, आणि परिणामी नवख्यांना लवकर, कित्येकदा अवेळी, मैदानात ढकलले जाऊ लागले.

ग्रीन बे मात्र जुन्या रीतीला चिकटून राहिले. रॉजर्स स्वतः २००५ ते २००७ अशी तीन वर्षे ब्रेट फाव्हरच्या मागे बसला होता. २०२० मध्ये पहिल्या फेरीत २६ व्या क्रमांकावर निवडलेल्या जॉर्डन लव्हनेही रॉजर्सच्या मागे तेवढीच वर्षे काढली. नोव्हेंबर २०२१ मध्ये रॉजर्सला कोरोनाची लागण झाल्याने लव्ह कॅन्सस सिटीविरुद्ध एक सामना खेळला आणि संघ १३-७ असा हरला. तीन वर्षे त्याचा सराव रोज पाहणाऱ्या क्लबलाही पुढे काय होईल याची खात्री नव्हती, हे उघड आहे, कारण मे २०२३ मध्ये त्यांनी करार पाचव्या वर्षापर्यंत लांबवण्याचा महागडा पर्याय न वापरता त्याच्याशी केवळ एका वर्षाची वाढीव बोली केली. त्या हंगामातील पहिल्या नऊ सामन्यांपैकी सहा संघाने गमावले, तरी लव्ह जागेवर राहिला. उरलेल्या आठांपैकी सहा जिंकले, आणि बाद फेरीत डॅलसला त्यांच्याच मैदानावर ४८-३२ असे हरवले. जुलै २०२४ मध्ये क्लबने त्याच्याशी चार वर्षांचा २२ कोटी डॉलरचा करार केला.